अध्यक्षांचा अर्धा तास

गरजू रुग्णांना चाकाच्या खुर्च्या, कुबड्या आणि वॉकर मोफत वापरायला देणे हा संस्थेचा उद्देश आहे. तो घटनेच्या पहिल्याच पानावर छापलेला असल्यामुळे मंडळाला वेगळा लक्षात ठेवावा लागत नसे.

घटनेत आणखीही बरंच होतं. एकाच व्यक्तीने सलग दोन वर्षं अध्यक्ष राहू नये. वार्षिक सभेला निम्मे सभासद हवेत. नसल्यास सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी घ्यावी आणि मग जे असतील ते पुरे. निम्मे सभासद कधीच येत नसत. त्यामुळे अध्यक्ष सभेच्या आरंभीच घटनेचा मान राखून राजीनामा देत, अर्धा तास सामान्य नागरिक म्हणून व्हरांड्यात चहा पीत आणि तहकूब सभेत चार मित्रांच्या आग्रहाखातर पुन्हा अध्यक्ष होत. मध्ये खंड पडल्याने कारकीर्द सलग ठरत नसे. अशी त्यांची सलग नसलेली बरीच वर्षं झाली होती.

एके दिवशी कोपऱ्यावरच्या टेलरताई वडिलांसाठी खुर्ची मागायला आल्या. आत मंडळाची बैठक चालू होती. लाकडी खुर्च्या टोचतात म्हणून मंडळी चाकाच्या खुर्च्यांवर बसली होती.

"बाबांना अंगणात न्यायचंय हो. छत बघून बघून कंटाळलेत ते."

"बैठकीत खुर्च्या वापरात असतात," कार्यवाह म्हणाले. "वापरातली वस्तू देता येत नाही."

"मग बैठक संपल्यावर द्या."

"ठरावाशिवाय कशी देणार? आणि ठराव बैठकीतच होतो."

"घटनेला चांगलं अस्तर लावलंय तुम्ही!" टेलरताई म्हणाल्या आणि घटनेची प्रत मागून घेऊन गेल्या.

आजूबाजूचं प्रत्येक घर संस्थेचं सभासद होतं आणि प्रत्येक घराचं काही ना काही टेलरताईंकडे शिवायला पडलेलं होतं. वेळेवर कपडे देण्याबद्दल त्यांची मुळीच ख्याती नव्हती. त्यांनी निरोप धाडले: कपडे तयार आहेत, वार्षिक सभेत मिळतील.

सभेला बसायला जागा उरली नाही. अध्यक्षांनी सवयीने राजीनामा दिला आणि ते चहाकडे वळले.

"साहेब, कोरम झालाय," कार्यवाह कुजबुजले.

"म्हणजे अर्धा तास नाही?"

"नाही. निवडणूक लगेच."

"मग माझं नाव सुचवा ना!"

"खंड पडला नाही साहेब. सलग होईल."

पाळलेल्या मांजराने बोचकारल्यावर त्याच्याकडे बघावं तसं साहेबांनी घटनेकडे पाहिलं.

"आधी मतदान, मग कपडे," टेलरताईंनी जाहीर केलं. त्या बिनविरोध निवडून आल्या. त्याच संध्याकाळी बाबा खुर्चीतून अंगणात आले. "आभाळ आहे होय अजून जागेवर!" म्हणाले आणि रडले. बाकीच्या खुर्च्याही एकेका घरी गेल्या. मंडळ आता सतरंजीवर बसतं, त्यामुळे बैठका लवकर आटोपतात.

आज पुन्हा वार्षिक सभा आहे. नियमाप्रमाणे टेलरताईंनी राजीनामा दिला आहे. दिलेल्या खुर्च्या पुढच्या वर्षी कोणाकडे राहायच्या, हे नवं मंडळ ठरवेल. निरोप याही वेळी घरोघर गेले होते, पण सभागृह रिकामं आहे. सगळं व्यवस्थित चाललंय, मग सभेला कशाला जायचं, असं लोकांचं म्हणणं पडलं. कपडे काय, उद्याही आणता येतील.

सभा तहकूब झाली आहे. व्हरांड्यात जुने अध्यक्ष चार मित्रांसह चहा पीत उभे आहेत. या वेळी खंड भरपूर पडलेला आहे. त्यांची नजर अधूनमधून बाबांच्या खुर्चीवर जाते. लेकीबरोबर आलेले बाबा तिच्यातच बसून सभागृहाच्या दारातून रस्त्याकडे बघताहेत.

अर्धा तास सुरू झाला आहे. टेलरताईंच्या पिशवीत तुमचाही एक सदरा आहे. काजं-बटणं सगळं झालंय.