आधी उतरायचं बोला

सुभेदार आबा भेटले की आधी मुठीतली राख हवेत सोडतात आणि मगच रामराम घालतात. राख कुठे गेली ते कळल्याशिवाय त्यांना समोरचा माणूस दिसतच नाही. माझ्या मेहुण्याच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या दारात हा प्रयोग केला आणि राख थेट नवरदेवाच्या फेट्यावर बसली. "वारा नैऋत्येचा हाय, पर दमानं हाय," असं म्हणून आबा शांतपणे पंगतीला बसले.

आमचं गाव पाटणच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. मी तिथल्या हायस्कुलात भूगोल शिकवतो. आबा पलटणीतून पेन्शनवर आले आणि त्यांनी जो उद्योग धरला तो पंचक्रोशीत कुणाला सांगून पटत नाही. ते उडायचे डोंगर शोधतात. पाचगणीला कापडी पंखाला लटकून उडणारी पायलट मंडळी आहेत. तिथे गर्दी वाढली, तशी ही मंडळी नवे डोंगर हुडकू लागली आणि आबा त्यांचे वाटाडे झाले. स्वतः मात्र एकदाही उडाले नाहीत. "मी जमिनीचा माणूस हाय," म्हणतात.

नकाशा वाचायला म्हणून त्यांनी मला धरलं आणि माझे रविवार गेले ते गेलेच. मी कागदावर बोट ठेवून उतार, उंची, दिशा सांगायचो. आबा तिकडे ढुंकून बघायचे नाहीत. माथ्यावर पोचले की टोपी डोळ्यांवर ओढून घारी बघत बसायचे. पंख न हलवता घार उतारासमोर वर चढली, तर तिथला वारा उचलणारा.

"मास्तर, तुमचा कागद छापताना वाऱ्याला इचारलं व्हतं का? घारीला इचारा. ती कदी चुकत न्हाई."

पण घारीला एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे ऊस. आबांनी पहिला डोंगर पास केला तो एप्रिलात. खाली नुकतीच तोड झालेली, रान मोकळं, उतरायला झकास. उडायचा दिवस ठरला दिवाळीनंतर. समीर नावाचा पायलट मोठ्या दिमाखात उडाला, दोन घिरट्या घातल्या आणि खाली बघतो तर रानभर पुरुषभर खोडवा! उतरला उसातच. वर पसरलेला पंख दिसत होता, पण माणूस दिसेना. त्याच्या हाकांच्या रोखाने आम्ही तासभर सऱ्या तुडवल्या. बाहेर आला तेव्हा तोंडावर पाचटाचे ओरखडे होते आणि शेतमालक आधी उसाची विचारपूस करत होता. तोडलेला ऊस पुन्हा वाढतो हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण आबा पडले पलटणीतले, आणि भूगोलाच्या मास्तरालाही ते सुचलं नाही.

तेव्हापासून आबा आधी खालच्या रानात जातात. "नवी लागण का खोडवा? तोड कवा?" ही चौकशी झाल्याशिवाय डोंगराकडे मान वर करत नाहीत. "चढायचं मागनं बघू. आधी उतरायचं बोला," हे त्यांचं पालुपद. पुतण्याची सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी हेच ऐकवलं.

असे पाच-सहा डोंगर त्यांनी समीरला दिले. पण स्वतःसाठी म्हणून जो हवा होता तो सापडेना. त्याच्या अटी दोन. माथ्यापर्यंत जीप गेली पाहिजे आणि दोन पावलांत पंखानं उचललं पाहिजे.

"आबा, दहा पावलं पळायला काय होतंय?" समीर विचारायचा.

"पळायचं न्हाई म्हंजे न्हाई."

शेवटी एकदा मी वैतागलो. "आबा, पळता न येणारं कोण उडणार आहे?"

आबांनी राखेची डबी उगाच उघडली, मिटली. "आमची मंडळी."

मालनकाकींचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. काठीशिवाय त्या ओट्यावरून उतरत नाहीत. आबांनी एकदा त्यांना पाचगणीला नेलं होतं. आभाळातले पंख बघून काकी म्हणाल्या होत्या, "ही तर बसूनच चाललीत की! बसायला मला बी येतंय." आधी पळावं लागतं हे कळल्यावर काठी टेकत माघारी फिरल्या.

"मी लडाख बघितलं, अरुणाचल बघितलं," आबा म्हणाले. "तिनं काय बघितलं? रान, आन गुडघ्यापायी मिरजेचा दवाखाना. जलमात पयल्यांदा कायतरी मागितलं, मास्तर."

मी त्यांना मनातल्या मनात आळशी म्हणत होतो. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी नकाशा पुन्हा उलगडला. डोंगर आमच्याच गावामागे होता. पवनचक्क्यांसाठी केलेला रस्ता माथ्यापर्यंत होता, चक्क्या पार पलीकडच्या टोकाला, आणि दुपारचा पश्चिमेचा वारा उतारावरून सरळ वर. आबांना हे ठाऊकच होतं. "पर खाली समदा ऊस हाय," ते म्हणाले. त्या उसात मधोमध त्यांचे स्वतःचे दोन एकर होते.

तोड झाली तशी, ऊस पुन्हा फुटू नये म्हणून, आबांनी खोडक्या उपटल्या आणि रान सपाट करून तसंच ठेवलं. आमच्याकडे पाण्याखालचं बागायती रान मोकळं ठेवणं म्हणजे वेडाचा पुरावाच. भावकी समजूत घालून थकली.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी काकींनी नातवाची ट्रॅकपँट चढवली, वरून लुगडं खोचलं, हेल्मेट घातलं आणि जीपमधून माथ्यावर गेल्या. आबा गेले नाहीत. "वर समीर हाय. खाली मी पायजे." रानात त्यांनी गुडघाभर भाताचा पेंढा अंथरला होता.

वर समीरच्या दोन साथीदारांनी काकींना काखेत धरून उभं केलं. मागे त्याच पंखाला बांधलेला समीर. पंख उभा राहिला, काकींनी जेमतेम दीड पाऊल टाकलं आणि वाऱ्यानं त्यांना उचललं. आबांच्या मुठीत राख होती, ती सोडायची ते विसरले. दहा मिनिटं नुसती मान वर. मग काकी पाय पुढे करून, बसल्या बसल्या, पेंढ्यात उतरल्या. पळायचं न्हाई म्हणणारे आबा पळत सुटले.

"लागलं का गं?"

"आवं, आपलं घर एवढुसं दिसतंय वरनं! आन तुमी तर दिसलाच न्हाई, नुसती टोपी."

आबांनी मूठ उघडली. घामानं राखेचा चिखल झाला होता.

चार दिवसांनी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. भावकी पुन्हा आली होती. काकीच म्हणाल्या, "आता झालं की उडून. लावा ऊस."

"न्हाई."

"का वं?"

"परत जावं वाटलं तर?" आबा म्हणाले. "उतरशील कुठं?"