तिसरा गैरहजर

आमच्या गाडीचा तिसरा गिअर कुंभार्ली घाटात खाली उतरून जातो, हे मी पाच महिने सांगत होते आणि एकानंही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं ठेवला नाही, विहिणीनं ठेवला नाही, गॅरेजवाल्यानं ठेवला नाही. मी चौथी शिकले, म्हणून मला दिसतं ते खोटं आणि यांना दिसत नाही ते खरं, असा सगळा कारभार.

गाडी जुनी आहे. कराडच्या एका डॉक्टरांची होती. त्यांचे गुडघे दुखायचे म्हणून त्यांनी बिनक्लचची घेतली. हिच्यात गिअर हातानं टाकावे लागत नाहीत, ते आपापले पडतात. लेक चिपळूणला दिलेली, आम्ही पाटणला, मध्ये घाट. म्हणून मी ती गाडी घेतली. आमच्या यांनी एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हरकी केली. दारात गाडी आली तशी त्यांनी एक चक्कर मारली, उतरले आणि म्हणाले, "हिला क्लच न्हाय. क्लच न्हाय ती गाडी न्हवं, पाळणा हाय." त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला बोट लावलं नाही. मग मीच शिकले.

शेजारच्या सीटवर मात्र हे कायम. बाई एकटी घाटात गाडी कशी नेणार, ही काळजी. त्यांचा डावा पाय तिथं नसलेला क्लच दाबत असतो. त्या जागची चटई झिजून भोक पडलंय. नजर रस्त्यावर आणि तोंड चालू.

तिसरा पहिल्यांदा उतरला तो मी आरशात पाहिला. हेळवाक सोडलं की घाटमाथ्याचा चढ लागतो, तिथं गाडी मंद झाली होती. डाव्या चाकामागून उतरला. जेवणाच्या ताटलीएवढा, तेलानं काळपट, सगळे दात शाबूत. मागं वळून न बघता रस्त्याच्या कडेनं निघून गेला. इंजिन बोंबलायला लागलं, गाडी पुढं सरेना, समोर पिवळा दिवा लागला.

"अहो, तिसरा उतरला," मी म्हणाले.

"तुझ्या हाताला वळण न्हाय," हे म्हणाले. ड्रायव्हर माणूस. आयुष्यात कधी मागं बघितलं नाही.

गाडी बंद करून थांबलो. दहा-पंधरा मिनिटांनी तिसरा परत येऊन बसला. चालू केली तर दिवा विझलेला आणि गाडी लोण्यासारखी.

असं अकरा वेळा झालं. दहा वेळा मी सोसलं. अकराव्या वेळी सारिकाचं, माझ्या लेकीचं, डोहाळजेवण होतं. त्या दिवशी तिसऱ्याला यायला दोन तास लागले. आम्ही पोचलो तेव्हा पानं उचलली होती. पहिलटकरीण पोरगी आणि ओटी शेजारणीनं भरलेली.  सारिका नुसती डोळे पुसत होती.

विहीणबाई मात्र बोलल्या. "काय हो, तिसरा उतरला म्हणे?"

"उतरला."

"आमच्या सुनेला असल्या गाडीत घालून घाटात टांगून ठेवायची नाही मला. बाळंतपण इथंच होईल."

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. हे मी त्यांना शिकवायला नको होतं, तरी शिकवलं. मग त्या म्हणाल्या, "बरं. बिघाड काय आणि दोष कुणाचा, ते गॅरेजवाल्याच्या सही-शिक्क्यानं लिहून आणा. नावासकट. गुरुवारपर्यंत. पुढं आठवा लागतो, मग मी तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इलाही मिस्त्रीच्या गॅरेजात उभी. त्यानं स्टिअरिंगखाली वायर खुपसून मशीन लावलं आणि वाचलं.

"काकी, पी शून्य सात तेहेतीस. म्हंजे तिसऱ्यात गडबड. पण कोड जुना आहे. 'पूर्वी गैरहजर, सध्या हजर' असं दावतंय."

"मग मी काय बोंबलत होते?"

"पण काकी, ऑटोमॅटिकमध्ये तिसरा असा वेगळा नसतो. सगळे एकातच असतात."

"माझ्या सासरी एका घरात अकरा माणसं होती. ती काय वेगळी नव्हती?"

 त्यानं गिअरचं तेल बदललं, वायरी साफ केल्या, एक सेन्सर काढून दुसरा घातला. मग मला घेऊन घाटमाथ्यापर्यंत चक्कर मारली. गाडी बिनतक्रार चढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेली. पुन्हा तेच. दोन्ही वेळा आमचे हे गॅरेजसमोर चहा पीत पेपर वाचत बसले होते.

"गाडीत काय न्हाय, काकी. तुमच्या मनात आहे," इलाही म्हणाला.

मी घरी आले आणि सारिकाची शाळेतली उरलेली वही काढली. अकरा वेळा काय काय झालं ते आठवून लिहिलं. वार कुठला, ऊन किती, डब्यात काय होतं, गाडीत कोण होतं. अक्षर माझं वाकडं आहे, पण खोटं नाही. बुधवारी ती वही इलाहीपुढं आपटली.

त्यानं सगळी वाचली. त्याच्याबद्दल एक सांगते, माणूस वाचायला लागला की मन लावून वाचतो. "वार वेगळे," तो म्हणाला. "ऊन वेगळं. एकदा मेथी, एकदा वांगं. पण गाडीत कोण, तर दर वेळी 'मी आणि हे'."

"मग कोण असणार?"

"आणि आपण चक्कर मारली तेव्हा 'तुम्ही आणि मी'." त्यानं वही मिटली आणि बाकड्यावर चहा पीत बसलेल्या आमच्या यांच्याकडं बराच वेळ बघितलं. "काकी, उद्या तुम्ही घरून येता तशाच बसा. साळुंखे ड्रायव्हरसुद्धा. मी मशीन घेऊन मागं बसतो."

"उद्या गुरुवार. शिक्का आणि पॅड घेऊन ये," मी सांगितलं.

गुरुवारी आम्ही तिघं निघालो. कोयनानगर गेलं, हेळवाक गेलं, चढ लागला. हे सीटवर ताठ झाले. डावा पाय चटईच्या भोकात गेला.

"दुसरा झाला. आता तिसरा टाक," हे म्हणाले.

"आपला आपण पडतो तो."

"टाक की! आगं इंजिन रडतंय. टाक तिसरा!"

इंजिन बोंबललं. पिवळा दिवा लागला. मागं मशीन वाजलं.

"काकी," इलाही हळू आवाजात म्हणाला, "सध्या गैरहजर."

"मागं बघ."

त्यानं मागच्या काचेतून बघितलं. तिसरा रस्त्याच्या कडेनं चालत होता. वळणावर कोकम सरबताची टपरी आहे, तिच्या बाकावर जाऊन बसला. मी गाडी कडेला लावली आणि आम्ही तिघंही चालत तिथं गेलो.

टपरीवाली बाई ग्लास धुवत होती. "हे होय?" ती तिसऱ्याकडं बघून म्हणाली. "हे नेहमी येतात. साखर कमी लागते त्यांना."

इलाहीनं पावतीबुक काढलं आणि रीतसर विचारलं. "नाव?"

"तिसरा."

"नोकरी किती?"

"बावीस वर्षं. शेवटचे सहा महिने सोडले तर सगळी डॉक्टरांकडे."

"डॉक्टरांकडे कितीदा उतरलात?"

"एकदाही नाही. डॉक्टर गाडीत गप्प बसायचे."

"मग हितं काय अडचण?"

तिसऱ्यानं ग्लास बाकावर ठेवला. "वेळ आली की मी आपणहून पडतो. कुणाला कळतसुद्धा नाही, असा पडतो. इथं चढ आला, मी उठलो, की शेजारून हुकूम सुटतो, टाक तिसरा. बरं, त्यानंतर मी पडलो तर हे म्हणणार, बघ, सांगितलं म्हणून पडला. मी पडायचं तरी कसं?"

हे भडकले. "एकतीस वर्षं तिसरे टाकलेत मी! शेकडो गाड्यांचे! एकानं तोंड उघडलं न्हाय!"

"ते हाताखालचे होते," तिसरा म्हणाला. "मी स्वयंचलित आहे."

"मग पयला-दुसरा का उतरत न्हाईत?"

"त्यांना तुम्ही कधी काही बोलत नाही. आणि चौथ्याची पाळी येईपर्यंत तुम्हाला डुलकी लागलेली असते."

हे खरं होतं. मी मान हलवली.

तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाई. "बारा वाजले. दीडला राहूकाळ लागतो. त्याआधी आलात तर आलात." मागून सारिकाचा आवाज आला, "आई, ये गं." फोन बंद.

"लिही," मी इलाहीला म्हणाले.

त्यानं लिहिलं. दोष गाडीत नाही. पुढच्या ओळीवर 'दोषी' लिहिलं आणि त्याचं पेन थांबलं. "काकांचं नाव काय?"

"साळुंखे लिही."

"साळुंखे अख्ख्या आळीत आहेत," तिसरा म्हणाला. "पूर्ण नाव पाहिजे. आणि काकींच्या तोंडून पाहिजे. गाडी त्यांच्या हातात आहे. त्याशिवाय मी येणार नाही."

मी यांचं नाव कधी घेतलेलं नाही. लाजबिज काही नाही. 'अहो' म्हटलं की येतात, आणि येत नाहीत तेव्हा नाव घेऊनही आले नसते. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेही बँडच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. त्याला बत्तीस वर्षं झाली.

"तुम्हीच सांगा तुमचं नाव," मी यांना म्हणाले.

"मी का सांगू? मी काय केलंय?" हे म्हणाले. "आणि तू घेतलंस तर बघ."

"उखाण्यात घ्या की, वहिनी," टपरीवाली म्हणाली. "गोड वाटतं."

"उखाणा कसला, बाई? हा पंचनामा आहे."

मी एकदा यांच्याकडं बघितलं. पांढऱ्या मिश्या, खाकीची सवय गेली नाही म्हणून अजून बदामी शर्ट. एकतीस वर्षांत या माणसानं एक गाडी कुठं घासली नाही. मग मला डोहाळजेवणाची उचललेली पानं आठवली, आणि पुसलेले डोळे. मी पदर खोचला आणि नाव घेतलं. पूर्ण. सासऱ्यासकट, आडनावासकट. दरीनं ते परत ऐकवलं.

हे सवयीनं "ओ" म्हणाले.

तिसऱ्यानं सरबत संपवलं, तोंड पुसलं आणि जाऊन आपल्या जागी बसला. इलाहीनं सही केली, बाकावर पॅड ठेवून शिक्का मारला आणि गाडीत येऊन मशीन बघितलं. "हजर."

एक वाजून दहा मिनिटांनी आम्ही चिपळुणात होतो. विहीणबाईंनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली. मग ती मला परत दिली आणि यांच्याकडं बघितलं.

"दोष घरातलाच आहे होय?" त्या म्हणाल्या. "मग काही हरकत नाही. तो सगळीकडे असतो."

त्यांनी सुनेची ओटी भरली आणि राहूकाळाआधी उंबरा ओलांडू दिला.

परत येताना हे मागं बसले, इलाहीशेजारी. सारिका पुढं, माझ्याजवळ. यांच्या तोंडात मी सुपारी दिली होती. घाट चढायला लागलो. दुसरा पडला. मागं सुपारी चघळायची थांबली. आरशात बघितलं तर हे पुढं वाकलेले, डावा पाय उचललेला, तोंड उघडलेलं.

सारिकानं समोरच्या कप्प्यातून चिठ्ठी काढली आणि शाळेत वाचायची तशी मोठ्यानं वाचली.

"दोष गाडीत नाही. दोषी, अधिकराव ज्ञानू साळुंखे."