रंगनाथ मिस्त्रींची वजाबाकी

रंगनाथ मिस्त्री घरी आले, की घरमालकाने आपल्या खुर्च्यांवर लक्ष ठेवावं. मिस्त्री बसण्याआधी खुर्ची उलटी करत, खालचे इस्क्रू बोटाने मोजत आणि म्हणत, "सहा हायेत. चारात भागतंय." पुढच्या मिनिटाला दोन इस्क्रू त्यांच्या तळहातावर असत. आमच्या रेडिओचे तीन इस्क्रू असेच गेले. रेडिओ पूर्वीइतकाच खरखरत राहिला, त्यामुळे मला बोलायला जागा उरली नाही.

जगात जे काही आहे ते गरजेपेक्षा जास्त आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. सायकलला घंटी नव्हती. का, तर "तोंड हाय की." शर्टाला तीनच बटणं. लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली, की शेजारच्याच्या कानाशी लागून म्हणायचे, "पाचात लगीन लागलं असतं." बायको वारल्यावर घरातलं सामानही त्यांनी असंच उतरवत आणलं. एक ताट, एक तांब्या, एक पेला. मी एकदा गेलो तेव्हा आधी मी चहा घेतला, मग तोच पेला विसळून त्यांनी.

आम्ही दोघं नगरला, गावाबाहेरच्या एका शेडमध्ये नोकरीला होतो. ते फोरमन, मी स्टोअरकीपर. तिथे विजेचा प्रवाह मोजायची कडी बनत. कड्याच्या भोकातून जाड केबल जाते आणि कड्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेमुळे केबलमध्ये करंट किती आहे ते मीटरला कळतं. केबल कापायची नाही, सोलायची नाही. सासूच्या मनातलं सून बाहेरूनच ओळखते, तसं काहीसं. कड्यांच्या जोडणीला चार बायका होत्या. त्यांत हिराबाई आणि मार्थाबाई सगळ्यांत जुन्या. मालक म्हणजे आमचे शेठ, त्यांचा मूळ धंदा कापडाचा. विजेतलं त्यांना एवढंच कळे, की ती झटका देते.

दुष्काळाचं वर्ष होतं. शेठनी एक दिवस सगळ्यांदेखत सांगितलं, "मुंबईचं कडं आपल्यापेक्षा स्वस्त पडतंय. आपला भाव खाली आला तर ठीक, नाहीतर पाडव्यापासून कडी बंद."

कडी बंद म्हणजे चारही बायका घरी. हिराबाई शांतपणे म्हणाल्या, "खडी फोडाया जायाचं, दुसरं काय." त्या वर्षी निम्मा जिल्हा दुष्काळी कामावर खडीच फोडत होता.

मिस्त्रींनी एक कडं पूर्ण उसकटलं आणि वर्तमानपत्रावर मांडलं. सव्वीस तुकडे निघाले. कडं जिच्यात बसे त्या डबीचे दोन भाग, इस्क्रू, नट, वायसर, पट्ट्या. मग एकेक तुकडा उचलून ते त्याची उलटतपासणी घेऊ लागले. "तू काय करतूस रं?" वायसरला उत्तर देता येईना, वायसर बाद. डबीच्या झाकणापाशी ते तीन दिवस अडले. चौथ्या दिवशी जेवताना एकदम म्हणाले, "आमटीच्या वाटीला झाकन असतंय का?"

झाकण गेलं, म्हणजे ते आवळणारे चार इस्क्रूही गेले. नुसती वाटी ठेवायची, तार गुंडाळलेलं कडं तिच्यात बसवायचं आणि वरून डांबरासारखं काळं रसायन वितळवून ओतायचं. थंड झालं की दगड. पहिल्या प्रयोगात ते रसायन उतू गेलं आणि मिस्त्रींची उजवी चप्पल जमिनीला कायमची चिकटली. आठवडाभर आमच्या डब्यांतल्या भाकरीला नव्या रस्त्याचा वास येत होता. पण सव्विसाचे नऊ तुकडे झाले आणि भाव मुंबईच्या खाली आला. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याने पहिली खेप उचलली.

त्या आनंदाच्या भरात मिस्त्रींनी एक वजाबाकी जास्त केली. कड्याच्या एका बाजूला लाल रंगाचा ठिपका असायचा. "ह्यो नुसता शोभंला हाय," म्हणून त्यांनी तोही काढला. वास्तविक केबल कुठल्या बाजूने घालायची ते त्या ठिपक्यावरून समजे. करंट दाखवणाऱ्या काट्याला दोन्ही बाजू सारख्याच, पण युनिट मोजणाऱ्या मीटरला नाहीत. पंधरा दिवसांत कारखान्याच्या इंजिनिअरचा फोन आला. "तुमची कडी लावल्यापासून आमचं मीटर उलटं फिरतंय. कारखाना वीज खातोय का विकतोय, हेच आम्हाला समजेना."

मिस्त्री लाल रंगाचा डबा घेऊन एस.टी.ने गेले, स्वतःच्या हाताने प्रत्येक कडं सुलटं केलं, ठिपके दिले आणि हात जोडून परत आले. शेठनी मात्र त्या उलट्या मीटरचा असा धसका घेतला, की कड्याचं नाव काढलं तरी त्यांना घाम फुटे.

पुढे मोठी ऑर्डर आली आणि शेठ हिशेबी माणसासारखं बोलले. "मिस्त्री, आता इस्क्रू पिळायचं कामच राहिलं नाही. चौघी कशाला? दोघी पुरतील. त्या दोन जुन्या कमी करा."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. ज्या चौघींसाठी त्यांनी एवढी काटछाट केली, त्यांतल्या दोघींचं काम त्या काटछाटीतच गेलं होतं. ते हळूच म्हणाले, "शेठ, वाटीला दोन इस्क्रू परत घालावं लागत्यात. न्हाईतर मीटर पुन्हा उलटं फिरंल."

शेठ पांढरेफटक पडले. "दोनच का? चार घाला. आणि नीट आवळून बघा बाबा, माणसं कमी करू नका."

दुपारी मिस्त्री माझ्याकडे इस्क्रूंची मागणी घेऊन आले. मी खवचटपणे विचारलं, "मिस्त्री, इस्क्रूचा आणि मीटरचा संबंध काय?"

"काईच न्हाई."

"मग ते आवळणार काय? झाकण तर नाही."

त्यांनी मागणीची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "रोज दुपारी हिराबाई हाक मारती, या मिस्त्री जेवाया. मार्थाबाई चटनी वाढती. घरी मला कुनी हाक मारीत न्हाई, भाऊसाहेब. त्या खडी फोडाया गेल्या, तर मी कुनासंगं जेवू? माझ्या ध्यानातच आलं न्हाई, की मी त्यान्लाच कमी करतूय."

मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. मी आतून इस्क्रूंची अख्खी पेटी काढून दिली, नट आणि वायसरसकट.

दुसऱ्या दिवशी हिराबाई आणि मार्थाबाई वाटीच्या कडेला ते बिनकामाचे चार इस्क्रू मन लावून पिळत होत्या. मिस्त्री त्यांच्या मागे उभे राहून सांगत होते, "सावकाश पिळा बायांनो. घाई न्हाई."