गणिताने सिद्ध केलेली कॉफी

तुम्हाला सांगतो, माझा कंपायलर चुकणं शक्यच नव्हतं! माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणं हे त्याचं काम, आणि तो ते बिनचूक करतो हे मी सहा वर्षं घासून गणिताने सिद्ध केलं होतं. गॉथेनबर्गच्या रीतीप्रमाणे जाहीर परीक्षेच्या तीन आठवडे आधी मी पीएचडीचा प्रबंध विद्यापीठाच्या फळ्यावर खिळ्याने ठोकला. आता माघार नाही!

त्याच दुपारी दालचिनीचे बन मांडले, विभागाच्या कॉफीयंत्रात माझ्या कंपायलरने उतरवलेला प्रोग्राम घातला आणि ऐटीत बटण दाबलं. यंत्र ढिम्म!

"बिघडलंय वाटतं," मी म्हणालो.

माझ्या मार्गदर्शक गुनवोरबाईंनी लॅपटॉप ओढला. "अरे यालमार, यात प्रोग्रामच नाही! तुझ्या कंपायलरने सगळा पुसून टाकलाय!"

कुणी रागावेल तर शपथ! कॉफी विसरून सगळे स्क्रीनवर वाकले. काटछाट करून प्रोग्राम लहान करायला मीच कंपायलरला शिकवलं होतं. पठ्ठ्याने काहीच शिल्लक ठेवलं नाही!

"पण तुझ्या सिद्धतेने हे कसं चालवून घेतलं? तू सिद्ध नक्की काय केलंस?" बाईंचे डोळे चमकत होते.

"की यंत्र प्रोग्रामात नसलेलं काहीही करणार नाही."

"मग? करतंय का?"

"नाही..."

"म्हणजे बरोबरच आहे की! पण प्रोग्रामात असलेलं ते करेल, हे कुठे सिद्ध केलंस?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. गेली पदवी!

"तीन आठवडे आहेत. रडू नकोस, बन खा."

झोप, जेवण, आंघोळ सोडून मी कंपायलरची काटछाट आवरली, उरलेला अर्धा भाग सिद्ध केला आणि प्रबंधाला दुरुस्तीपत्र जोडलं. परीक्षेला ऑस्लोहून प्राध्यापक ट्रिग्वे आले होते, जाहीरपणे माझी सालटी काढायला. "यंत्र चालवून दाखव बघू," ते म्हणाले.

बटण दाबलं. कॉफी आली! टाळ्या! कप भरला. कॉफी येतच राहिली! टेबलावरून ट्रिग्वेंच्या कागदांवर, तिथून थेट त्यांच्या बुटात!

"बंद कर रे मेल्या!" ओरडत गुनवोरबाईंनी वायर उपटली.

परीक्षक आत गेले. मी बाहेर, देव आठवत. तासाभराने दार उघडलं. ट्रिग्वे ओल्या मोज्यांवर उभे.

"मूळ प्रोग्राम पाहिला. त्यात थांबायची आज्ञाच नाही. कुणी लिहिला?"

"मीच..." मी पुटपुटलो.

"मग पास! तुझा गाढवपणा कंपायलरने जसाच्या तसा उतरवलाय, एक थेंबही न सांडता!"