वाडीची कमान आणि सहदेवचा ट्रक

मुलुंडच्या लक्ष्मी वाडीला नवी कमान झाली आणि सहदेव तावड्यांचा ट्रक वाडीत अडकला. चूक कुणाची, हे विचारायची सोय नव्हती, कारण कमानीसाठी मापाला ट्रक सहदेवनेच उभा केला होता. वाडीचे चिटणीस श्यामकांत नाडकर्णी टेप घेऊन आले, तेव्हा ट्रक विटांनी गच्च भरलेला होता. विटा कमानीच्याच. माप अगदी काटेकोर घेतलं गेलं. मग विटा उतरल्या, गिअरबॉक्स दुरुस्तीला गेल्यामुळे ट्रक आतच उभा राहिला आणि बाहेर कमान चढत गेली. लष्कराच्या लिलावात घेतलेला तो ट्रक मात्र पाठीवरचं ओझं जाताच चांगला चार बोटं उंच झाला होता. हे कळलं ते गिअरबॉक्स बसल्यावर, टप कमानीला टेकला तेव्हा.

"परवा सुलक्षणाचं लग्न!" सहदेवने कपाळाला हात लावला. सुलक्षणा ही त्याची धाकटी मेहुणी. वऱ्हाड मरोळला याच ट्रकमधून जायचं होतं.

"वऱ्हाड जाईल हो कसंही. आईचं काय?" त्याची बायको वनमाला म्हणाली.

आई म्हणजे शेवंतीबाई. लेकीच्या लग्नासाठी त्या मालवणहून आल्या होत्या. कमान व्हायच्या आधी बंदरावरून घरी येताना या ट्रकने त्यांची कंबर अशी धरली, की त्यांनी जाहीरच केलं होतं, "त्या ट्रकातसून जाण्यापरास मी हयसूनच अक्षता टाकतंय!" ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदला म्हणून वनमाला महिनाभर मागे लागली होती. सहदेवचं उत्तर ठरलेलं होतं, "हा मालाचा ट्रक आहे, पाळणा नाय."

टायरमधली हवा काढून झाली, तरी दोन बोटं कमी पडली. कमान फोडायची गोष्ट काढताच नाडकर्णींचा चेहरा पडला. शेवटी माणिक मिस्त्री आला, ट्रकखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "पाटे बदल. ट्रक खाली बसव, दुसरा इलाज नाय."

दुसऱ्या दिवशी त्याने कुर्ल्याच्या भंगारातून दोन जोड आणले. एक लॉरीचा, कडक. दुसरा इस्पितळाच्या मोडीत निघालेल्या गाडीचा, रोग्याला धक्का लागू नये म्हणून केलेला.

"कडक घे," माणिक म्हणाला. "मऊ घेतलास तर धक्के खाणारे शॉकपपण त्याच गाडीचे लावायला लागतील. नायतर ब्रेक मारल्यावरसुद्धा ट्रक नाचत राहील."

"मऊच लावा, शॉकपसकट," वनमाला म्हणाली.

"अगं, विटा भरल्या तर बूड टेकेल रस्त्याला!"

"उद्या आईला न्यायचंय. विटा नाही."

सहदेवचं काही चाललं नाही. अख्खी वाडी दिवसभर ट्रकभोवती उभी राहून सल्ले देत होती. संध्याकाळी ट्रक कमानीखालून अलगद बाहेर पडला, तेव्हा टाळ्या पडल्या. नाडकर्णींनी तर नारळ फोडला.

लग्न झकास झालं. शेवंतीबाई केबिनमध्ये बसून गेल्या, अक्षता टाकल्या, जेवणात जिलबी दोनदा मागून घेतली. परतताना वाडीतली चाळीसएक माणसं मागे कोंबलेली. ट्रक कमानीखालून असा आरामात आत शिरला, की वर वीतभर जागा उरली.

मागून नाडकर्णी खाली उतरले. कमानीकडे पाहिलं, ट्रकमधल्या गर्दीकडे पाहिलं.

"तावडे," ते हळूच म्हणाले, "विटा भरून मापाला बसला होता. आपण सगळे आत बसलो असतो, तर जुन्या पाट्यांवरसुद्धा निघाला असता की हो!"

सहदेवने गर्दीवरून नजर फिरवली. ही चाळीस माणसं काल दिवसभर त्याच ट्रकला टेकून उभी होती.

"मला परवाच सुचलं होतं," वनमाला पदर सावरत म्हणाली.

"मग बोलली का नायस?" सहदेव ओरडला.

"शू! बोलले असते, तर मऊ पाटे लावले असतेत तुम्ही?"

सहदेव केबिनकडे वळला. केबिनमध्ये शेवंतीबाईंना गाढ झोप लागली होती. त्याने दार आवाज न करता लोटून घेतलं.