चार बाटल्या, पंचेचाळीस सेकंद

एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. अख्ख्या पाटण तालुक्यात ॲसिडला माझ्याइतकं ओळखणारा माणूस नाही! निदान बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी सकाळपर्यंत तरी माझी तशी खात्री होती.

मी मूळचा सांगलीतल्या विश्रामबागचा. गेली चार वर्षं इथल्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतोय. तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे तास संपला की सरही संपले! यंदा प्राचार्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "बाहेरच्या परीक्षकांनी चांगला शेरा दिला, तर जूनपासून तुम्ही पूर्णवेळ. नाहीतर दुसरीकडं बघा."

म्हणून मी प्रयोगच असा निवडला, की चुकायला जागा नाही. चार बाटल्यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड. पहिलीत अगदी पातळ, दुसरीत जरा कडक, तिसरीत आणखी कडक आणि चौथीत जहाल! मुलांनी प्रत्येक बाटलीतलं थोडं ॲसिड घ्यायचं, त्यात मॅग्नेशियमची फीत टाकायची आणि ती विरघळायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. ॲसिड जितकं कडक, तितकी फीत लवकर गायब. शेंबडं पोरही चुकणार नाही! आदल्या दिवशी बाटल्या मी स्वतः भरल्या, ताकदीच्या आकड्यांची लेबलं लावली आणि घरी जाऊन ताणून दिली.

परीक्षक प्रमोदिनी मॅडम साताऱ्याहून आल्या. चहा पुढे केला, तर म्हणाल्या, "चहा नंतर. आधी काम."

दहा मिनिटांत सूरजनं हात वर केला. "सर, चारीबी बाटल्यांत पंचेचाळीसच सेकंद येत्यात!"

"नीट मोज."

"तीनदा मोजलं, सर."

मी त्याच्या कानाशी लागलो. "अरे, पातळात जास्त आणि कडकमध्ये कमी यायला पाहिजेत. तुझं काहीतरी चुकतंय."

"व्हय सर, घड्याळच बिघडलं आसंल!" असं म्हणून हा सद्गृहस्थ थेट परीक्षकांपुढे! "मॅडम, जरा तुमचा मोबाईल देता का? आमचं घड्याळ सारखं पंचेचाळीसच दावतंय."

मॅडम उठल्या. त्यांनी स्वतः फिती कापल्या, स्वतः मोजलं. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. पंचेचाळीस. शेहेचाळीस. तोवर प्रत्येक टेबलावरून आवाज यायला लागले, "मॅडम, आमचंबी तेच!"

"सर," मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुमच्या पाटणात रसायनशास्त्राचे नियम वेगळे आहेत का?"

"नवीन फीत आणतो!" म्हणून मी जो पळालो तो स्टोअरमध्ये. तिथं कोंडीबामामा तंबाखू मळत बसले होते. हे आमचे लॅबचे शिपाई, शिराळ्याकडचे. महिन्याभरापूर्वीच लायब्ररीतून इकडे आलेले. पण गावाकडे वाढपी म्हणून त्यांचं मोठं नाव! पंगत कितीही लांब असो, पहिल्या पानाला जसा रस्सा तसाच शेवटच्या पानाला.

"मामा, कालच्या बाटल्यांना हात लावला होता का?"

"लावला की, कालच सांजच्याला! बरं झालं मी चिठ्ठ्या बघितल्या. अर्धा, एक, दीड, दोन! आवं सर, समद्या पोरांची परीक्षा एकच, आन् एकाच्या पानात तर्री, दुसऱ्याच्या पानात पाणी? आपल्याला न्हाई पटत. समदं बादलीत वतलं, ढवाळलं आन् चारी बाटल्यांत सारखं वाढलं. आता कुणाची तक्रार न्हाई बघा!"

मी मटकन स्टुलावर बसलो. ओरडायला तोंड उघडलं, पण मामांचा चेहरा इतका समाधानी होता, की "बरं केलंत" एवढंच बाहेर पडलं. जून महिना डोळ्यांदेखत वाहून गेला! आता खरं सांगून टाकावं आणि सांगलीची एसटी धरावी, असं ठरवून मी परत लॅबमध्ये आलो.

मॅडम प्रियदर्शनीचा पेपर वाचत होत्या. ही मुलगी वर्षभर वर्गात एक शब्द बोललेली नाही. तिनं लिहिलं होतं, 'चारही बाटल्यांच्या वेळा सारख्याच आल्या. फीत तीच, माप तेच, वर्ग तोच. म्हणजे चारही बाटल्यांत ॲसिड एकाच ताकदीचं आहे. लेबलं चुकीची असावीत.'

"हे हिला तुम्ही सांगितलंत?"

"नाही मॅडम, मला स्वतःलाच आत्ता कळलं!" आणि मी सगळं सांगून टाकलं, रश्श्यासकट.

मॅडम इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "बावीस वर्षं परीक्षा घेतेय, सर. सगळीकडे पोरं पुस्तकातले आकडे उतरवतात. जे दिसलं तेच लिहिणारा अख्खा वर्ग आज पहिल्यांदा बघतेय. शेरा उत्तम देणार! आणा आता तो चहा."

हुश्श! माझ्या जिवात जीव आला. वाटलं, स्टोअरमध्ये जाऊन मामांच्या पाया पडावं!

"एवढं एकच राहिलं," मॅडम बशीत चहा ओतत म्हणाल्या. "तुम्ही आज सकाळी याच बाटल्यांतून घेतलेलं रीडिंग जोडायचंय."

मी झोकात फाईल पुढे केली. ती त्यांच्या हातात गेली आणि मग मला आत काय लिहिलंय ते आठवलं.

'आज सकाळी आठ वाजता. दोनशे सेकंद, साठ, बत्तीस, वीस.' खाली सुबक आलेख. त्याखाली माझी झोकदार सही!

मॅडमनी कागद पाहिला. मग बाटल्या पाहिल्या. मग मला पाहिलं.

"चोवीस पोरांत एकही कॉपी सापडली नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "ही पहिली." त्यांनी कागदाचे चार तुकडे केले, केराच्या टोपलीत टाकले आणि उरलेला चहा पिऊन टाकला. "पोरांना तर मार्क दिले. आता तुम्हाला काय देऊ?"

मी उठून हात बांधून उभा राहिलो.

"पास करा, मॅडम!"