मशीनचं आवतन

बहिणीचं, बेबीचं लग्न तोंडावर आलं आणि चुडामणने नको तिथे तोंड उघडलं. आवतनाची यादी आपण कॉम्प्युटरवर काढू, असं तो घरात बोलून गेला. जळगावला तो कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. पण यावलजवळच्या त्याच्या गावात हा क्लास नेमका कशाचा, हे अजून कुणाला उमगलं नव्हतं. त्याचे वडील, जीवरामआबा, पोरगा टायपिंग शिकवतो असंच पाहुण्यांना सांगत. एकदा आबांना दाखवून द्यावं, एवढीच बिचाऱ्याची हौस.

आबांची अट साधी होती. सगळ्या गावाला चूलबंद आवतन द्यायचं. म्हणजे त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटायची नाही, लहानथोर सगळे आपल्या मांडवात जेवतील. फक्त दोन घरं वगळायची, एक रुपचंदचं आणि एक झुलालचं. रुपचंद हा आबांचा सख्खा धाकटा भाऊ. शेताच्या बांधावरून दोघांची कोर्टकचेरी झाली, तेव्हापासून तोंड पाहणं बंद होतं. आणि झुलाल हा त्याच खटल्यातला साक्षीदार. गडी मोठा न्यायी; आधी आबांच्या बाजूने बोलला, मग रुपचंदच्या बाजूने बोलला, आणि चहा दोन्हीकडे प्यायला.

चुडामणने गावातलं एकेक घर मशीनमध्ये भरलं आणि हुकूम लिहिला : ज्याचं नाव रुपचंद नाही किंवा ज्याचं नाव झुलाल नाही, ती घरं दाखव. मशीन म्हणालं, हुकूम चुकला. त्याने कंस घातला, तरी चुकला. कंस काढला, तरी चुकलाच. कुठे चुकला ते सांगशील तर शपथ! विद्यार्थ्यांना बाहेर बसवून हा गडी दुपारपर्यंत पडद्याशी झटत होता. शेवटी सापडलं, झुलालच्या नावापुढचं अवतरणचिन्ह बंद करायचं राहून गेलं होतं. मेला हुकमातसुद्धा आडवा आला, असं म्हणत चुडामणने ते बंद केलं आणि नावांची नुसती रांग लागली. छपाईयंत्र करकरायला लागलं. एवढा जीव भांड्यात पडल्यावर यादी वाचून बघायचं भान कुणाला राहतं?

ती यादी घेऊन सुकदेव घरोघर अक्षता देत फिरला. निरोप्याचं काम त्याच्याकडेच असायचं. संध्याकाळी परत आला तो हसतहसत. रुपचंदनानांनी अक्षता कपाळाला लावून ठेवून घेतल्या म्हणाला, दोघं भाऊ एक झाले, फार चांगलं झालं म्हणाला. आबांचा चेहरा बघून मात्र त्याने चहाही न घेता काढता पाय घेतला.

चुडामणने हुकूम पुन्हा वाचला आणि कपाळावर हात मारला. मशीन बापडं सांगितलं तेच करत होतं. रुपचंदचं घर आलं, तेव्हा त्याने पाहिलं, हा झुलाल नाही ना? नाही. मग या आत. झुलालचं घर आलं, हा रुपचंद नाही ना? नाही. मग तुम्हीही या. 'किंवा'च्या जागी 'आणि' घातलं असतं, तर दोघंही बाहेर राहिले असते.

"ज्यानं घाण केली त्यानंच निस्तरावी," आबा म्हणाले. "जाय, नानाले सांगून ये, आवतन चुकून आलं म्हणून."

दिलेलं आवतन परत घ्यायला त्या गावात आजवर कुणी गेलं नव्हतं. चुडामण तरीही निघाला. नानांच्या दारातच लिलाकाकूने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि ताट वाढलं. रुपचंदनाना मळ्यातून नुकतेच आले होते. मांडवाच्या दाराला उभी करायची केळ त्यांनी निवडून ठेवली होती, तीही साधीसुधी नव्हे, भरल्या घडाची. वर्षभर पोसलेली केळ पुतणीसाठी मुळापासून काढायला निघालेल्या माणसाला काय सांगायचं? चुडामण जेवला, काकूच्या पाया पडला आणि घरी आला.

"सांगितलं?" आबांनी विचारलं.

"जाऊन आलो," चुडामण म्हणाला. खोटं काहीच नव्हतं त्यात.

लग्नाच्या दिवशी सकाळी रुपचंद खांद्यावर केळ घेऊन मांडवात आला. मागे लिलाकाकू, मुलं, सुना. बायकांची गाणी थांबली. हळद लागलेली बेबी तशीच उठून दारात आली. चुडामणला वाटलं, आता धरणीमाय पोटात घेईल तर बरं. बहिणीचं लग्न आणि आपल्या एका शब्दापायी तमाशा!

आबा पुढे झाले. "मी तुले बलावलं नही," ते म्हणाले. "मशीननं बलावलं."

रुपचंदने केळ खाली ठेवली नाही. "मी तरी तुझ्याकडे कुठी आलो, भाऊ? मशीनकडेच आलो."

आबांनी घडाच्या वजनाने वाकलेल्या भावाच्या खांद्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यांनी केळीचं दुसरं टोक धरलं. "वाकडी लावशीन तू," ते पुटपुटले. बेबीला रडू फुटलं आणि चुडामणलाही डोळे पुसावे लागले.

दोघं भाऊ केळीच्या बुडाशी माती दाबत होते, तेवढ्यात झुलाल आला. बायको, मुलं, व्याही, व्याह्याचा भाऊ, असा सगळा लवाजमा घेऊन तो सरळ पंगतीत जाऊन बसला. दोघा भावांच्या माना एकदमच वळल्या. कित्येक वर्षांत त्यांचं प्रथमच एकमत झालं होतं.

"चुडामण," आबांनी हळूच विचारलं, "याले कोनं बलावलं?"

"त्याच मशीननं, आबा. चूक एकच झाली. ती ठेवली तर दोघं येतात, काढली तर दोघंही बाहेर राहतात." झुलालला एकट्याला वगळता येतं, हे काही त्याने सांगितलं नाही.

आबांनी पंगतीकडे पाहिलं. मग चिखलाचे हात धोतराला पुसत उभ्या असलेल्या रुपचंदकडे बराच वेळ पाहिलं.

"मंग राहू दे ती चूक," ते म्हणाले. "वाढ त्यालेबी."